रत्नाकरांची घोषित वाईट सवय

रत्नाकर देवस्थळी यांना एकही वाईट सवय नाही, ही गंभीर बाब कार्यालयाच्या लक्षात यायला सव्वीस वर्षं लागली.

रत्नाकर मूळचे मिरजेचे. बंगळूरमधल्या एका सरकारी दाबमापन प्रयोगशाळेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, बनशंकरीत घर केलं, वरिष्ठ झाले, आणि तरीही काम करत राहिले. कारखान्यांतून प्रेशर गेज तपासणीला यायचे. रत्नाकर ते यंत्राला जोडायचे, काटा खरं सांगतो की खोटं ते बघायचे आणि दाखल्यावर सही करायचे. त्या दाखल्याशिवाय गेज कुठल्याही बॉयलरवर बसवता येत नसे. सोमवारी आलेला गेज बुधवारी परत जायचा. यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कार्यालयालाही नाही.

मग परिपत्रक आलं. 'उत्पादकतेस बाधक वैयक्तिक सवयी व मनोवृत्ती निर्मूलन अभियान.' प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रपत्र 'स' मध्ये आपली किमान एक वाईट सवय घोषित करायची, वर्षभरात तिच्यावर मात करायची आणि मात केल्याचा पुरावा तीन प्रतींत जोडायचा. संचालकांनी 'अतिपरिश्रम' ही सवय घोषित केली आणि त्याच दुपारपासून तिच्यावर मात करायला सुरुवात केली.

रत्नाकरांनी प्रामाणिकपणे लिहिलं : निरंक.

तिसऱ्या दिवशी त्यांना मनोवृत्ती कक्षातून बोलावणं आलं. हा कक्ष पूर्वी ग्रंथालय होता. पुस्तकं आता जिन्याखाली होती आणि ग्रंथपालांच्या जागी दिव्यश्री बसत होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, घरची मराठी, पण तिच्या मराठीत बंगळूरचं पाणी कितीतरी पिढ्यांपासून मुरलेलं.

"सर, तुमचं प्रपत्र परत आलंय. सवय लिहिली नाही तुम्ही."

"नाहीये, म्हणून लिहिली नाही."

"सगळे असंच म्हणतात सर. ह्याला नकारावस्था म्हणतात. सगळ्यांत अवघड सवय आहे ती."

"मग तीच लिहा."

"नाही येत सर. तुम्ही ती मान्य केली की नकार राहत नाही. संगणक घेत नाही."

दिव्यश्रीने मऊ आवाजात विचारलं, "टेबलावर काही पडून राहिलंय का? कितीही लहान चालेल."

"जेवणाचा डबा."

असाध्य रुग्णाच्या नातेवाइकांकडे डॉक्टर बघतात तसं ती बघत राहिली. मग म्हणाली, "सर, निरंक ठेवलं तर तुमचा विभाग सुधारणेस अपात्र ठरतो. अपात्र विभागाची यंत्रं दुसऱ्या शहरात हलवणार आहेत."

ते यंत्र रत्नाकरांनी सव्वीस वर्षं स्वतःच्या हातांनी पुसलं होतं. त्यांनी पेन काढलं. "मोजायला सोपी कुठली?"

"दिरंगाई," दिव्यश्री आनंदाने म्हणाली. "दिवसांत मोजता येते. पण आधी आधारपातळी लागेल सर. तीन महिने दिरंगाई करून दाखवा, मग ती कमी करू."

दिरंगाई कशी करतात हे रत्नाकरांना माहीत नव्हतं. त्यासाठी त्यांना नोंदणी विभागातल्या मथुरा अक्कांकडे पाठवण्यात आलं. मथुरा अक्का अभियानातल्या सर्वांत यशस्वी कर्मचारी होत्या. त्यांनी नऊ सवयी घोषित केल्या होत्या. दर महिन्याला एक सोडत आणि पुढच्या महिन्यात तीच पुन्हा लावून घेत.

"काम करायचं नाही असं कधी मनात आणू नका," अक्कांनी समजावलं. "त्यानं माणसाला अपराधी वाटतं. करायचं आहेच, असं ठरवायचं. आणि कोणी विचारलं की 'बघू' म्हणायचं. म्हणा बघू."

"बघू."

"एवढं पटकन नाही सर. आधी स्वल्प छताकडे बघा, मग म्हणा."

सोमवारी विठोजी आला. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मुलुखात उतरले होते. तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून स्कूटरवरून यायचा. तिथे त्याची गेज बनवण्याची लहानसं वर्कशॉप होतं, पाच लेथ आणि सहा माणसं. त्याने चाळीस गेजांची पेटी टेबलावर ठेवली आणि वर्षानुवर्षं विचारायचा तेच विचारलं, "बुधवारी येऊ की साहेब?"

रत्नाकरांनी छताकडे पाहिलं. "बघू."

विठोजी घाबरला. "बरं नाही काय साहेब? स्वल्प बसा. पाणी आणू?"

त्याला पाठवून रत्नाकर बसले खरे, पण चैन पडेना. बुधवारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी दार लोटलं, चाळीसच्या चाळीस गेज तपासले, दाखल्यांवर सह्या केल्या आणि सगळं कपाटात फडक्याखाली लपवलं. दिरंगाई पुरेशी दिसावी म्हणून एक्केचाळिसाव्या दिवशी विठोजीला द्यायचं, असा त्यांचा बेत होता. नवव्या दिवशी दिव्यश्री पाहणीला आली आणि तिने फडकं उचललं.

"सर, हे काय?"

"गेज."

"तपासलेले?"

रत्नाकरांनी मान खाली घातली. "बुधवारी."

दुसऱ्या दिवशी ज्ञापन आलं : 'आधारपातळीच्या कालावधीत सदर कर्मचारी चोरून काम करताना आढळला. पुनरावृत्ती झाल्यास यंत्र हलवण्याची कार्यवाही केली जाईल.' तपासलेले गेज फेरतपासणीसाठी रांगेच्या शेवटी लावण्यात आले.

मग रत्नाकरांनी खरोखरच काम थांबवलं. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवत. तिसऱ्या आठवड्यात त्यांना शोध लागला की कँटीनच्या खिडकीतून संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं, झाड दिसतं. चौथ्या आठवड्यात कुठली फांदी आधी फुलणार याचा अंदाज बांधता येऊ लागला. दोन महिन्यांत त्यांचं वजन वाढलं, झोप सुधारली. एके सकाळी बायकोने, नयनाताईंनी, गळका नळ दाखवला तेव्हा त्यांची नजर आपोआप छताकडे गेली.

"बघू."

"हे 'बघू' कुठून आणलंत?"

"ऑफिसातून."

"परत करून या," नयनाताई म्हणाल्या आणि त्यांनी नळाखाली बादली ठेवली.

विठोजी दर आठवड्याला येत होता. गंगावतीकडच्या भातगिरण्या हंगामाआधी बॉयलर तयार करून ठेवत. त्यांना गेज वेळेवर हवे होते. सहाव्या आठवड्यात गिरणीवाल्यांनी ती ऑर्डर दुसरीकडे दिली. त्यानंतर विठोजी आला तेव्हा खुर्चीवर बसलाच नाही.

"दोन लेथ झाकून ठेवल्यात साहेब. ज्योतिबाला सांगितलं, दुसरीकडे काम बघ म्हणून. वीस वर्षं होता माझ्याकडे."

रत्नाकरांना सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण प्रपत्र 'स' गोपनीय होतं. "वरून आलंय," एवढंच ते म्हणाले.

"सरी साहेब, ठीक आहे. तुमचंही काही असेल," विठोजी म्हणाला आणि गेला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. रत्नाकरांना दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली. मग चार वाजता चहा आला.

तिमाही संपली. आधारपातळी मंजूर झाली : सरासरी एक्केचाळीस दिवस. दुसऱ्या सकाळी रत्नाकर सगळ्यांच्या आधी कार्यालयात पोचले. आजपासून कामाला मुभा होती. त्यांनी यंत्र पुसलं, पहिला गेज जोडला, दाब वाढवला, काटा वाचला. दुसरा गेज हातात घेतला, आणि मनात कोणीतरी म्हणालं, 'आजच्याला एवढं पुरे.'

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी तो गेज जोडायचा प्रयत्न केला, पण डोळे पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होते. दहा मिनिटांनी ते धापा टाकत मनोवृत्ती कक्षात शिरले.

"दिव्यश्री, मला खरंच लागली. दिरंगाई. यंत्रासमोर बसवतच नाही."

दिव्यश्री खुर्चीतून उठली. तिचे डोळे भरून आले होते. "अभिनंदन सर! अस्सल सवयीला दुप्पट गुण आहेत. बाकीच्यांनी नुसत्या लिहून दिल्यात हो."

त्यानंतरचे महिने रत्नाकर स्वतःशी मनापासून झगडले. खिडकीला कागद चिकटवला. चहा सोडला. पायांना दोरी बांधून यंत्रासमोर बसले. रडतखडत सरासरी दहा दिवसांवर आणली, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणं आलं.

"सर, एवढ्या घाईनं खाली नका आणू," दिव्यश्रीने विनवलं. "सगळी सवय ह्याच वर्षी संपवली तर पुढच्या वर्षी कशावर मात करणार? परत निरंक लिहाल. परत यंत्राचा प्रश्न."

सरासरी तेवीस दिवसांवर स्थिर करण्यात आली. सुधारणा चव्वेचाळीस टक्के. संपूर्ण विभागात पहिला क्रमांक.

सत्कार जयनगरमधल्या एका सभागृहात झाला. संचालक अतिपरिश्रमातून पूर्ण बरे झाल्यामुळे तासभर उशिरा आले. रत्नाकरांना शाल आणि 'सवयजेता' असं कोरलेला चषक मिळाला. मग निवेदकाने लाभार्थी म्हणून विठोजीला मंचावर बोलावलं. रत्नाकरांच्या मनात आलं, आता हा सगळं सांगणार. भीतीही वाटली, आणि सांगावंच त्याने, असंही तितक्याच जोराने वाटलं.

विठोजीच्या हातात मैसूरपाकाचा डबा होता. तो माइकसमोर उभा राहिला.

"आधी एक्केचाळीस दिवस लागायचे," तो म्हणाला. "आता तेवीस. देवस्थळी साहेबांनी फार मनावर घेतलं. आमच्यासारख्यांचं कोण एवढं बघतो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रत्नाकरांनी विठोजीच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा नव्हता. त्याचे डोळे ओले होते.

कार्यक्रम संपल्यावर रत्नाकरांनी त्याला कोपऱ्यात गाठलं. मैसूरपाकाचा तुकडा हातात तसाच होता.

"विठोजी, आधी दोन दिवस लागायचे. सोमवारी आणायचास, बुधवारी न्यायचास. आठवतं ना?"

विठोजी मोठ्याने हसला.

"दोन दिवस? सरकारी कामाला? काय साहेब, गरिबाची थट्टा करता!" त्याने वाकून नमस्कार केला, राहिलेला डबा त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली.

आता विठोजीला भोळा म्हणून हसायचं कारण नाही. तुमचा शेवटचा दाखला पाच खेपांऐवजी तीनच खेपांत हातात पडला, तेव्हा खिडकीआडच्या माणसाला तुम्ही काय म्हणालात ते आठवून बघा. 'थँक्यू' म्हणालात. दोनदा.