चिकट

आमच्या नानांच्या डाव्या हातावर कायम एक पट्टी लावलेली असायची, आणि त्या हाताला झालेलं काहीच नसायचं.

नाना देवपूरचे, माझ्या मागच्या गल्लीतले. धुळ्यात माझं जखमेच्या पट्ट्या, मलमं, हवेच्या गाद्या विकायचं दुकान आहे. रावेरला ट्रकमध्ये केळीचे घड भरत होतो, तिथून इथवर आलो. भाव करण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. या माणसाने मात्र भर गिऱ्हाइकांत माझं नाव ‘चिकट’ पाडलं. तो राग अजून गेलेला नाही.

झालं असं की नानांच्या बायकोला, अक्कांना, अर्धांगवायू झाला आणि पडून पडून कमरेखाली जखम झाली. मी साधी जाळीची पट्टी दिली. दुसऱ्या दिवशी ती वाळून कातडी घेऊनच निघाली. नाना दुकानात येऊन म्हणाले, “वाळनी का कातडी लिसन निंघस ही. तुना माल चिकट, तूबी चिकट.”

सगळे हसले. तेव्हापासून बाजारात मी चिकट शेठ.

घरी येणाऱ्या सिस्टरने मग समजावलं: जखमेतून पाणी सुटतंय तोवर शोषून घेणारी फोमची पट्टी, कोरडी पडली तर ओल धरणारं जेल, आणि कूस बदलणं चुकवायचं नाही. हळद भरा म्हणणाऱ्या शेजारणीला नानांनी विचारलं, “ती काय भाजी शे का?”

पण सिस्टरवरही त्यांचा विश्वास नाही. नवी पट्टी आली की बाही वर. “भो, पहिले माले लाव.”

“नाना, तुम्हाला जखम कुठंय?”

“तिले तरी कुठे होती पहिले?”

रात्रभर ती हातावर ठेवायची आणि सकाळी अक्कांनी काढायची. “तिना एकच हात चालस,” नाना कुरकुरायचे. “घटकाभर काढत बसस. सारखी इचारस, दुखस का, दुखस का. डोकं खाई जास.”

फोम पास झाला. जखम हळूहळू भरली. त्यानंतर थंडीत अक्का तापाने गेल्या. नाना एवढंच म्हणाले, “पाठ कोरी लिसन गई.”

मला वाटलं, सुटलो. पण परवा दुकान उघडतोय तर नाना पायरीवर. हातावर फोमची पट्टी.

“काढ बरं.”

मी टोक धरून ओढणार, तेवढ्यात म्हणाले, “हळू.”

हळू काढली. अर्धी निघाली तरी ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

“आता काय, नाना?”

“इचार ना.”

“काय विचारू?”

नाना रस्त्याकडे बघू लागले. तेव्हा मला कळलं. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी सुटलेली पट्टी पुन्हा हातावर दाबून बसवली आणि पहिल्या टोकापासून, सावकाश काढायला घेतली.

“दुखस का?” मी विचारलं.