नऊ नंबरची चिठ्ठी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा एक खांब आहे. तो थोडा कलला आहे आणि त्याच्या कमरेला लाल दोरा बांधलेला आहे. मागच्या श्रावणात कुंभारीहून कुणाकडे तरी आलेल्या दोन पाहुण्या बायका त्या खांबाला हळदकुंकू वाहून, हात जोडून गेल्या. तिसऱ्या दिवशी तिथे नारळ फुटला. हे कोणत्या देवाचं, असं मला एकीनं विचारलं, तेव्हा हे आमच्या अंबादासमामांचं, एवढंच मी सांगू शकले.

अंबादासमामा माझे समोरचे शेजारी. चाळीस वर्षं ते टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. कापडात खोट दिसली की तिथे लाल दोरा ओवायचा, म्हणजे दुरुस्तीला बसलेल्या बाईला ती शोधत बसावं लागत नाही, अशी तिथली रीत. मामा निवृत्त झाले, पण दोऱ्याचं रीळ काही त्यांच्या खिशातून निघालं नाही. गळणारा नळ दिसला, बांध दोरा. बाकाचा पाय हलला, बांध दोरा. पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या कोटाची शिवण उसवलेली दिसली, तर ऐन मुहूर्तावर तिथेही बांधला. नवऱ्या मुलाला वाटलं हा यांच्याकडचा काही विधी असेल. त्यानं तो दोरा अंतरपाट दूर होईपर्यंत जीव लावून सांभाळला.

माझ्यावरही पाळी आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नवी कोरी साडी नेसून त्यांच्या दारात उभी, तर मामांनी साडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, काठात एक धागा उडालाय बगा." मी काही म्हणायच्या आत दोरा बांधून मोकळे. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी दुकानदारानं साडी बदलून दिली, म्हणून बोलले.

मामांच्या जगात दोनच प्रकार. 'पास' आणि 'सेकंड', म्हणजे खोट असलेला. मामींची भाकरी रोज पास. भाजीवाल्याची वांगी बहुतेक सेकंड. नगरसेवक तर कायमचा सेकंड. कुणाचं नवं घर, नवी सून, नवी गाडी, काहीही दाखवायला नेलं की मामांचा पहिला शब्द ठरलेला, "उजेडात धरा." सुनेच्या बाबतीत हे म्हणू नये, हे मामींनी त्यांना त्यांच्या घरच्या तेलुगूतून दोनदा समजावलं आहे.

कारखान्यात प्रत्येक चेकरला एक नंबर असायचा. तपासलेल्या डझनात तो नंबर छापलेली चिठ्ठी घालायची. मामांचा नंबर नऊ. मुंबईच्या, दिल्लीच्या हॉटेलांत माणसं अंग पुसतात ते माझ्या नऊ नंबरावर, असं ते छाती पुढे काढून सांगत. माल परत आला तर त्या चेकरचा नंबर महिनाभर काढून घेत आणि त्याला नुसतं घड्या घालायला बसवत. चाळीस वर्षांत मामांचा नंबर एकदाही गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी नारळ आणि शाल दिली. मामांनी उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतला.

आता लावण्याबद्दल सांगायला हवं. लावण्या ही मामांची एकुलती एक मुलगी, आमच्या शाळेची विद्यार्थिनी. ती सिव्हिल इंजिनीअर झाली आणि थेट हिमाचलात, बर्फातल्या रस्त्यांच्या कामावर लागली. विणकराच्या घरातली पोर डोंगर फोडून रस्ता काढते, हे आमच्या गल्लीला अजूनही सांगताना जरा उंच व्हायला होतं. मी तिला मराठी शिकवलं होतं, रस्ते नव्हे. पण श्रेय घेताना मी तो तपशील सांगत नाही.

ती निघायची होती मे महिन्यात. सोलापुरात त्या दिवसांत डांबर वितळून चपलेला लागतं. अशात मामा बर्फातले, पाणी न शिरणारे बूट घ्यायला पुण्याला गेले. सोलापुरात असले बूट कोण ठेवतो. लावण्या नको म्हणत होती, तिकडे मिळतात म्हणत होती. मामा म्हणाले, तिकडचा माल कुणी तपासलाय? पुण्याच्या त्या दुकानात ते चार तास बसले. अकरा जोड दाराशी उजेडात धरून पाहिले, हात घालून आतली शिवण चाचपली. दुकानदारानं शेवटी त्यांना जेवायचा डबा उघडायला खुर्ची दिली. बारावा जोड पास झाला. दोन वर्षांची वॉरंटी, पावतीवर शिक्का. घरी आल्यावर त्यांनी डाव्या बुटात नऊ नंबरची चिठ्ठी सरकवली आणि पोरीला म्हणाले, "जा आता. पाय कोरडा राहील तुजा."

पोर गेली. थंडी आली. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि मामांच्या घरी सिग्नल नीट नाही म्हणून तो माझ्या ओट्यावर व्हायचा. एका रविवारी लावण्या शेकोटीपाशी बसून बूट काढत होती. मामींचे डोळे तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, पायात ते काय घातलंय? मोज्यावर प्लास्टिकची पिशवी होती. तीसुद्धा ओळखीची. मामींनी शेंगाचटणी ज्या पिशवीतून पाठवली होती, तीच. लावण्या हसली आणि थंडी वाजते म्हणून, असं काहीतरी म्हणाली. मामा वाकून मोज्याकडे बघू लागले. चाळीस वर्षं कापडावरचा केसाएवढा डाग पकडणाऱ्या माणसाला ओला मोजा दिसणार नाही, हे तिनं कसं मानलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. डोक्यावर टोपी नाही, खिशात रीळ नाही.

"बाई, माझा माल परत आला."

मी म्हटलं, मामा, बूट कंपनीनं केला, खोट कंपनीची. त्यांनी मान हलवली. करणाऱ्याचं काम करणं, बघणाऱ्याचं बघणं, ते म्हणाले, मी पास केला आणि पोर दोन महिने ओल्या पायानं बर्फात हिंडली, वर मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. एवढं सांगून ते घरी गेले. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं, हे मला मामींनी नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून गल्लीत नवा लाल दोरा दिसला नाही. पलीकडच्या बोळात पाण्याचा पाईप फुटला, तरी मामा बाजूनं निघून गेले. नंबर काढून घेतलेल्या चेकरनं दोरा बांधायचा नसतो. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचे. आठवडाभरात मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

बूट मात्र त्यांनी परत मागवले. लावण्या म्हणाली, मी इथे दुसरे घेतलेत, राहू द्या. मामा म्हणाले, वॉरंटी म्हणजे कंपनीनं आपल्याला दिलेली चिठ्ठी हाय, तिनं ती पाळली पायजे. बूट आले. नळाला पाणी येण्याच्या दिवशी, सगळ्यांचे हंडे भरून झाल्यावर, मामांनी दारात घमेलं मांडलं. पाण्यात सूत रंगवायचा निळा रंग कालवला. दोन्ही बुटांत पांढरे शुभ्र टॉवेल ठासून भरले आणि बूट घोट्यापर्यंत पाण्यात उभे केले. गल्ली गोळा झाली. अर्ध्या तासानं टॉवेल काढले. उजवा कोरडा. डाव्यावर करंगळीच्या बाजूला, तळ आणि वरचं कातडं जुळतं तिथे, सुपारीएवढा निळा डाग. मामांच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं पहिल्यांदा रंग आला.

आणि इथेच घात झाला. खोट सापडली होती. हात चाळीस वर्षांचा. मामी चहा गाळत होत्या, मी फोटो काढायला फोन शोधत होते, तेवढ्यात मामांनी आत जाऊन दाभण आणलं आणि डागाच्या जरा वर, बरोबर बुटातून, लाल दोरा ओवून गाठ मारली. कंपनीच्या दुरुस्तीवाल्याला शोधत बसायला नको म्हणून. दोरा बांधायचा नाही हे स्वतःला घातलेलं बंधनही त्या क्षणी ते विसरले. पाणी न शिरणाऱ्या बुटाला आरपार भोक पडलं, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तो दोरा मलासुद्धा इतका नेहमीचा झाला होता की मी पार्सल बांधायला मदत केली.

कंपनीचं उत्तर माझ्या ईमेलवर आलं. सोबत फोटो, फोटोत लाल दोऱ्याकडे बाण. ग्राहकानं स्वतः बुटाला भोक पाडलं आहे, सबब वॉरंटी लागू नाही. मी ते दोनदा वाचलं. मग चपला घातल्या आणि समोर गेले.

मामांनी ऐकून घेतलं. मामी कंपनीला तेलुगूत बरंच काही म्हणाल्या. मामा मात्र म्हणाले, त्यांनी बरोबर केलं, त्या जागी मी असतो तर मीपण नाकारलं असतं.

मी त्यांना एक वाट सुचवली. आता लिहायला लाज वाटते, पण सुचवली. दोरा वाहतुकीत कुणीतरी बांधला असेल, आम्हाला माहीत नाही, असं लिहू. मी शाळेत मुलांना सुविचार लिहून देते, हे लक्षात घेऊन मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, खोटी चिठ्ठी मी कदी लावली न्हाय."

मग त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. लिहिताना माझं इंग्रजी त्या मजकुराला पुरलं नाही, म्हणून खाली मराठीतही लिहिलं. मजकूर असा होता. भोक माझं आहे. ती माझी चूक, तिच्याबद्दल मला सेकंड म्हणा. पण पाणी त्या भोकातून येत नाही, त्याच्या अंगठाभर खालून येतं. माझ्या भोकात मेण भरा आणि बूट पाण्यात उभा करा. पाणी आलं नाही तर बूट तसाच परत पाठवा, मी पुन्हा बोलणार नाही. सोबत पहिल्या चाचणीचा टॉवेल पाठवत आहे, डाग बघावा. सही, अंबादास, आणि कंसात 'चेकर, निवृत्त'. नंबर लिहायचा का, मी विचारलं. ते नको म्हणाले.

पंधरा दिवस काही नाही. मामांनी पोस्टमनची वाट पाहिली नाही, असं ते म्हणत, आणि तो यायच्या वेळेला दारात बसत. मग एका दुपारी माझ्या फोनवर पुण्याहून एका बाईंचा फोन आला. मी फोन घेऊन समोर पळाले आणि आवाज मोठा केला.

त्या कंपनीच्या तपासणी विभागातल्या होत्या. मेण भरून पाहिलं, म्हणाल्या. अगदी तुम्ही सांगितलं तिथूनच पाणी आलं. नवा जोड आज निघतोय. मग त्यांनी विचारलं, "काका, तो टॉवेल आमच्याकडे ठेवला तर चालेल का? आमच्याकडच्या नव्या लोकांना दाखवायचाय."

मामा एकदम उठून उभे राहिले, जणू त्या बाई समोर आल्या होत्या. ठेवा की, म्हणाले. अजून दोन पाठवतो, त्यो जुना धुवू नका फकस्त. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घराला कळलं होतं की आमच्या मामांचा टॉवेल पुण्यात शिकवायला लागला. ही बातमी सांगत हिंडणारी मीच होते.

नवा जोड आला. पुन्हा घमेलं, पुन्हा निळं पाणी. या खेपेला मामांनी दोन तास थांबून पाहिलं आणि दाभण मामींनी आधीच स्वतःच्या पदराआड धरून ठेवलं होतं. दोन्ही टॉवेल कोरडे ठणठणीत. बूट पुसून खोक्यात घातले. मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, मामा, चिठ्ठी?

"नंबर न्हाय आता माझ्याकडं," ते म्हणाले आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले.

महिना कधीच संपला होता. कारखान्याच्या नियमानंसुद्धा त्यांचा नंबर त्यांना परत मिळायला हवा होता. पण परत द्यायला कारखान्यात कुणीतरी साहेब असायचा. इथे कोण होतं?

पुढच्या थंडीत, पहिला बर्फ पडला त्या रविवारी, लावण्याचा कॉल आला. ती बाहेर उभी होती. घोट्यापर्यंत पाणी आणि बर्फाचा चिखल, आणि पायात ते बूट. अर्धा तास झाला उभी आहे, म्हणाली. मग दगडावर बसून तिनं डावा बूट काढला, मोजा काढून गालाला लावला. कोरडा आहे, म्हणाली. पिशवी नव्हती. मामी डोळे पुसायला लागल्या. मामा हं हं करत राहिले.

"नायना, थांबा, कॉल ठेवू नका." नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वडील.

तिनं पाकिटातून काहीतरी काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. चुरगळलेला, पाण्यानं पिवळा पडलेला कागदाचा तुकडा. शाई पसरली होती, पण नऊ वाचता येत होता.

"बूट परत पाठवले, तेव्हा ही काढून ठेवली होती. खोट बुटात होती नायना. चिठ्ठी कशाला परत करायची?"

तिनं चिठ्ठी बुटात सरकवली, पाय घातला आणि नाडी बांधली. मग उभी राहिली आणि म्हणाली, "पास."

मामा फोनकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हा शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या मालाला दिला. त्यांना तो कुणी दिलेला मी तरी ऐकला नव्हता. ते मला म्हणाले, "बाई, जरा उजेडात धरा की. नीट दिसंना झालंय." माझ्या ओट्यावर भर दुपारचं ऊन होतं. मी फोन आणखी थोडा वर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले, तर माझ्या फाटकाला लाल दोरा. आठच दिवसांपूर्वी मी ते रंगवून घेतलं होतं, रंगाऱ्याचं कौतुकही केलं होतं. पर्स खाली ठेवली, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. कडीच्या मागे, एरवी कुणाला दिसणार नाही अशा जागी, रंगाचा एक ओघळ खरंच राहून गेला होता.