मायनस चौऱ्यांशी

घरातलं नेट हळू का चालतं हे एकदा स्वतः मोजून पाहायचं, एवढंच टिकारामजी मेश्रामांनी ठरवलं होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात. माणसं याहून मोठमोठ्या गोष्टी ठरवतात आणि सुखरूप घरी परततात. पण टिकारामजींनी चौतीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. गेज लावायचं, आकडा वाचायचा, माल पास किंवा नापास. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते पोळीची जाडी आणि बायकोचं, शेवंताबाईंचं, फोनवरचं बोलणं मोजत. घरच्या वायफायचा पासवर्ड ते दर सोमवारी बदलत आणि नवा पासवर्ड डायरीत लिहून डायरी खिशात ठेवत. (घरात माणसं दोनच. तेव्हा पासवर्ड कोणापासून लपवला जात होता हे सांगायला नको.)

मुलगी विनीता बंगळुरूला कंप्युटरमध्ये. जाताना तिनं आपला जुना लॅपटॉप घरी ठेवला होता. विंडोज त्याला पेलवेना, म्हणून त्यात लिनक्स टाकलं होतं.

"पप्पा, काळी खिडकी उघडा," ती फोनवरून म्हणाली. "आता लिहा, सुडो."

"हे सुडो काय आहे?"

"म्हणजे आपण मालक म्हणून हुकूम देऊन राहिलो."

टिकारामजींना हा शब्द फार आवडला. त्या घरात मालक म्हणून हुकूम देण्याची सोय प्रथमच झाली होती. पुढचं आयडब्ल्यू, स्कॅन वगैरे त्यांनी एकेक अक्षर विचारून टाइप केलं. मग यंत्रानं पासवर्ड मागितला. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा कीबोर्ड बिघडला म्हणून त्यांनी लॅपटॉपच उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. विनीता म्हणाली, "पप्पा, वो दिखता नहीं है, नुसतं एंटर दाबा." दाबलं, आणि आसपासच्या सगळ्या वायफायची यादी धडाधडा खाली आली. प्रत्येकाचं नाव आणि सिग्नलचा आकडा. टिकारामजी खूश झाले. मोबाईलवर म्हणे सिग्नलच्या नुसत्या दांड्या दिसतात. (त्यांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा. मोबाईल बोलायला असतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते तो त्यासाठी भरपूर वापरत.)

यादीत तिसरं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत आणि शुद्ध मराठीत: मेश्राम चूप बसा.

टिकारामजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मेश्राम चूप बसा. त्यांनी पटकन फोन ठेवला. मुलीपुढं बापाची शोभा कशाला?

आणि वेळ तरी कोणती! येत्या रविवारी जयंती उत्सव समितीच्या अध्यक्षाची निवड होती. सहा वर्षं ते या खुर्चीची वाट बघत होते. यंदा विरोधात कोणी नव्हतं. अकरा पानी अध्यक्षीय भाषण तयार होतं, शेवंताबाईंना दोनदा वाचूनही दाखवलं होतं. नाव सुचवणार होते रामराव रामटेके, तीस वर्षांचे दोस्त, एकाच शिफ्टला एकाच सायकलवर गेलेले. अशा वेळी कोणी हवेतून सांगावं की मेश्राम चूप बसा?

गोहलपूरची ती गल्ली सगळी हिंदी बोलणारी. मराठी घरं तीनच. त्यात वासनिकांच्या घराला दोन वर्षं कुलूप. स्वतःचं घर टिकारामजींनी पहिल्या झटक्यात वजा केलं. उरले रामराव. पण इन्स्पेक्शनचा माणूस पुराव्याशिवाय माल नापास करत नाही. आकडा होताच: मायनस एकतीस. मायनसकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. फॅक्टरीच्या ड्रॉइंगवर प्लस-मायनस म्हणजे इतकं जास्त किंवा कमी चालेल, अशी सवलत असते. खरा आकडा एकतीस, म्हणजे सिग्नल अगदीच मरतुकडा. चोर लांब होता.

ते उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन, ताटात नैवेद्य न्यावा तसे, भर दुपारी गल्लीत निघाले. चार पावलं टाकायची, हुकूम द्यायचा, आकडा वाचायचा. फाटकाजवळ अठ्ठेचाळीस. नळाजवळ एकोणसाठ. वाढतोय!

"भैया, आधार अपडेट कर रहे हो क्या?" समोरच्या दीदीनं विचारलं.

"सरकारी काम है," टिकारामजी म्हणाले. हे बोलायला नको होतं. तीन बायका आधार कार्डं घेऊन त्यांच्या मागं चालू लागल्या.

पिठाच्या गिरणीजवळ बहात्तर. आणि गल्लीच्या टोकाला, रामरावांच्या भिंतीशी, चौऱ्यांशी! भिंतीच्या पलीकडे गेल्यावर तर ते नाव यादीतूनच गेलं. म्हणजे उगम इथंच. याहून पक्का पुरावा त्यांनी तोफेच्या गोळ्याचाही पाहिला नव्हता.

"जयभीम, मेश्रामजी! या, बसा," रामराव दारात येऊन म्हणाले.

"बसा? म्हणजे कबूल करून राहिले तुम्ही!"

"काय कबूल? अजी, चहा घेता का?"

"मला चूप बसवता? मनात होतं तं तोंडावर सांगायचं होतं. हवेत काहून सोडलं?"

"मी काय सोडलं हवेत?" रामराव गोंधळून मागच्या बायकांकडे बघू लागले.

"वायफाय!"

"अजी, माझ्या घरी वायफायच नाही. पोराच्या मोबाईलवरच भागते आमचं. आणि ते नाव म्हणत असाल तं महिनाभरापासून दिसून राहिलं सगळ्यांना. आम्ही समजलो, घरगुती मामला आहे."

"तीस वर्षांचा जयभीम आजपासून बंद!" टिकारामजी गरजले आणि माघारी फिरले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मागं आधारची रांग असल्यानं पुसताही येईनात.

घरी येऊन त्यांनी विनीताला फोन लावला. दुःख झालं तरी शोध लागल्याचा अभिमान होताच.

"मला चूप बसवणारं वायफाय रामराव काकानं केलं पोरी. चौऱ्यांशी आला आकडा."

"मायनस चौऱ्यांशी?"

"मायनस सोड. ते टॉलरन्स आहे."

"पप्पा, मायनसमध्ये चौऱ्यांशी म्हणजे सगळ्यात दूर. आकडा जितका शून्याकडे, तितकं जवळ. तुम्ही उलटे चालले, यार. सगळ्यात लहान कुठं आला?"

टिकारामजींनी फोन कानाशी धरूनच पुन्हा मोजायला घेतलं. हॉलमध्ये छत्तीस. मधल्या खोलीत अठ्ठावीस. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर एकवीस. आत शेवंताबाई झुणका परतत होत्या आणि त्यांचा मोबाईल साखरेच्या डब्यावर टेकून मालिका दाखवत होता. त्याच्यापुढं लॅपटॉप धरला. सतरा.

"शेवंता, हे... तुझं?"

"हॉटस्पॉट? हो. तुम्ही पासवर्ड लपवता, म्हणून विनीतानं लावून देला. मोबाईलवर मालिका संपली की टीव्हीला जोडते."

फोनवर विनीता एकाएकी "मीटिंग आहे" म्हणाली आणि नाहीशी झाली.

"आणि नाव?"

"नाव माझं. रोज रोज म्हणून घसा बसला, मंग एकदा लिहूनच टाकलं."

"अख्ख्या गल्लीनं वाचलं ना!"

"वाचू द्या. कोणी नाही म्हणालं का?"

नव्हतं म्हणालं. हेच टिकारामजींना जास्त लागलं.

पण दोस्ती मोठी. ते तसेच रामरावांकडे गेले आणि माफी मागितली. माफीला दोन शब्द पुरतात. टिकारामजींना पन्नास मिनिटं लागली, कारण त्यात त्यांनी मायनस, शून्य, सिग्नल आणि पोरीचं शिक्षण असं सगळं समजावलं. रामरावांचा चहा दोनदा गार झाला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या, मेश्रामजी. रविवारी भेटू."

रविवारी विहारात सभा भरली. रामराव उभे राहिले. "यंदाचं अध्यक्षपद मेश्रामांच्याच घरी जावं, असं माझं मत आहे." टाळ्या पडल्या. टिकारामजींनी खिशातून अकरा पानं काढली, घसा साफ केला, अर्धे उठलेही.

"जो माणूस एका ओळीत बोलतो आणि अख्ख्या गल्लीला पटते," रामराव म्हणाले, "तोच अध्यक्ष पाहिजे. मी शेवंताबाईंचं नाव सुचवतो."

टाळ्या थांबेनात. आधारवाल्या तिन्ही बायकाही वाजवत होत्या. अनुमोदन कोण देणार, म्हणून सगळ्यांच्या माना टिकारामजींकडे वळल्या. उठलेले तर ते होतेच. त्यांनी हात वर केला.

चिटणीसांनी इतिवृत्तात लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: 'श्री. टिकाराम मेश्राम यांनी एकही शब्द न बोलता अनुमोदन दिले.' ही नोंद बदनामीकारक असून तिला आपली हरकत आहे, असं सविस्तर सांगण्यासाठी टिकारामजी एक पाऊल पुढं आले. नव्या अध्यक्षांनी खुर्चीतूनच हातानं खूण केली. ते खाली बसले. चिटणीसांनी तेही लिहून घेतलं.