लिमयांचे कल्ले

पन्नाशी उलटल्यावर लिमयांनी कल्ले वाढवले. तेही असे की लिफ्टमध्ये अनोळखी माणसं त्यांना अदबीने वाट करून देऊ लागली.

इथे आयर्लंडात, बॉल्सब्रिजच्या आमच्या ऑफिसात लिमये टेस्टिंगमध्ये आहेत आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. राहायला दोघेही टॅला या उपनगरात, त्यामुळे कल्ल्यांचं कारण मला घरी जाताना बसमध्ये कळलं. राणीच्या काळातल्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीवर टीव्ही मालिका निघत होती. शूटिंग विक्लोतल्या एका जुन्या हवेलीत होतं आणि गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. लिमयांनी अर्ज केला, निवडलेही गेले.

"भूमिका काय?" मी विचारलं.

"मसाल्यांचा व्यापारी. मुंबईहून आलाय. जरा अबोल आहे."

"आणि संवाद?"

"अबोल आहे म्हटलं ना!"

हा व्यापारी लिमयांनी स्वतःच रचला होता. दिग्दर्शकाने त्यांना फक्त 'कुंपणापाशी उभे राहा' एवढंच सांगितलं होतं.

मग "त्या काळी हे नव्हतं" हे पालुपद सुरू झालं. कागदी कपातल्या कॉफीला, आपोआप उघडणाऱ्या दाराला, एकदा तर आमच्या आयरिश मॅनेजरलाही त्यांनी हे ऐकवलं. तो बिचारा इथल्या पद्धतीने "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान, छान, म्हणत निघून गेला.

इथवर ठीक होतं. पण पुण्याला जायला म्हणून राखलेली दोन आठवड्यांची रजा त्यांनी विक्लोच्या चिखलात उभं राहण्यात घालवली, तेव्हा त्यांच्या बहिणीचा पुण्याहून मलाच फोन आला. "दादा बरा आहे ना हो?" बरे आहेत, म्हणालो. कल्ल्यांचा विषय काढला नाही.

मालिकेतला त्यांचा भाग लागायचा त्या रविवारी संध्याकाळी लिमयांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. स्वतः साबुदाणेवडे तळले. शुभावहिनींच्या हार घातलेल्या फोटोशेजारच्या टीव्हीवर घोडागाडी आली, नायिका उतरली, रडली. मागे कुंपणापाशी एक उंच काळी टोपी आणि तिच्याखाली एक पाठ दिसली. आम्ही टाळ्या वाजवेपर्यंत पाठ गेलीसुद्धा. कल्ले दिसलेच नाहीत.

"दॅट्स ओन्ली अ हॅट, काका," माझी मुलगी म्हणाली.

"पण पाठीवरून कळतं की नाही, माणूस अबोल आहे ते?" लिमये म्हणाले आणि खुशीत वडे वाढायला लागले.

सगळे गेल्यावर मी ताटं विसळायला थांबलो. लिमये पुसत होते.

"एवढ्याशा पाठीसाठी अख्खी रजा?" मी विचारलं.

"पुढच्या मालिकेलाही नाव दिलंय." एक ताट पुसून झालं तरी ते पुसतच राहिले. "तिथे कपडेपटात एक बाई होती. रोज सकाळी गळ्याला रेशमी रुमाल बांधून द्यायची. हनुवटी वर करा म्हणायची. गाठ वाकडी झाली की सोडून पुन्हा बांधायची, मग कॉलर सारखी करायची. शुभा गेल्यापासून माझ्या कॉलरला कुणी हात लावला नव्हता रे."

मी नळ बंद केला.

"तशी ती गाठ मला येते," लिमये म्हणाले. "जायच्या आधी आरशासमोर शिकलो होतो. तिला मात्र येत नाही म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवसापर्यंत."