नदीचाच मासा

मेश्राम हॉटेलात बसले की पाण्याआधी माशाचे कुळ विचारतात. "भैया, ये मछली नदी की है, या पाली हुई?" वेटर निष्पापपणे म्हणतो, "ताजी है, अंकल." मेश्रामांच्या मते हे उत्तर नव्हे, गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. मग आम्ही दोघे डाळभात खाऊन परततो.

चौबे कॉलोनीतले हे माझे शेजारी निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. तळ्यात वाढवलेल्या माशाविषयी त्यांचा सिद्धान्त कठोर आहे. "ज्याले टायमावर खायले भेटते, त्याले चव कुठून येईन? मासा कसा, धारेशी भांडलेला पाहिजे!" आयुष्यभर ठरल्या तारखेला पगार आणि आता ठरल्या तारखेला पेन्शन घेणाऱ्या गृहस्थाने हे सांगावे, यातला विनोद मी त्यांच्या निदर्शनास आणून दिला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दिवस चांगले गेले.

पंगास हा तळ्यात पोसलेला स्वस्त मासा; त्याचे नाव तर ते शिवीसारखे वापरतात. जावयाच्या घरी ताटात पंगास आला, तेव्हा "पोट्टी पंगासाच्या घरी देल्ली!" असे त्यांनी जेवता जेवताच जाहीर केले.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीला, शांतावहिनींना, अर्धांगवायू झाला. गिळणे अवघड झाले, म्हणून डॉक्टरांनी काट्यांचा मासा बंद केला. माशावाचून वहिनी दोन घासांतच ताट सारत. नदीचा मासा म्हणजे काटेच काटे; आणि पोसलेला मासा, पतीच्या शिकवणीमुळे, त्या तोंडात घेईनात. सिद्धान्ताचा असा विजय क्वचितच पाहायला मिळतो.

परवा सकाळी उरला गावाहून परतताना बीरगावच्या बाजारात उतरलो. तोंडाला रुमाल बांधून मेश्राम पंगास घेत होते. त्यात बारीक काटे नसतात.

"मेश्राम, हे काय?"

"हळू बोला. तिले शिवनाथ नदीचा म्हणून चारून राहिलो. पण आता शंका येऊन राहिली तिले. तुम्ही आज जेवाले या. तुमचं खरं मानते ती."

दुपारी वहिनींनी पहिला घास तोंडात घोळवला आणि माझ्याकडे पाहिले. "भाऊजी, तुम्ही खोटं नाही बोलत. नदीचाच हाय न हा?"

माझ्या फटकळपणावर साऱ्या कॉलोनीचा विश्वास आहे. मी चव घेतली. ओला कापूस.

"शिवनाथचाच," मी म्हणालो.

"हव," म्हणत वहिनींनी घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडले.

"थांब जरा," मेश्राम म्हणाले. "नदीचा हाय. काटे असतात."

त्यांनी चष्मा पुसला, आणि तुकडा बोटांनी चाचपत ते नसलेले काटे एकेक करून ताटाच्या कडेला ठेवू लागले.