घुबड बें म्हणालं

घुबडाच्या मुखवट्यात मौनीचं डोकं शिरेना. हस्तकलेच्या बाईंनी तो आधी सरळ, मग तिरका, मग वरून दाबून घालून पाहिला. शेवटी तो कपाळावर टोपीसारखा अडकला आणि मौनी घुबडाऐवजी घुबडाची शिकार करून आलेल्या माणसासारखी दिसू लागली. पडद्यापलीकडे पालक खुर्च्या ओढून बसत होते.

"काल बसत होता ना गं?"

मौनीने मान हलवली. काल बसत होता.

विज्ञानाचे सर पडद्याच्या दोऱ्या तपासत होते. त्यांनी मुखवटा उलटा केला, आतून बोट फिरवलं आणि हा कुठे वाळवला, असं विचारलं. बाकीचे व्हरांड्यात आणि हा तेवढा शिक्षकखोलीतल्या हीटरसमोर, असं बाई म्हणाल्या. कारण हा सगळ्यांत जाड होता, आणि जाड यासाठी होता की तो मौनीचा होता.

"कागदाच्या लगद्यातलं पाणी गेलं की तो आक्रसतो, बाई. भराभर गेलं की वेडावाकडा आक्रसतो."

"हे काल सांगायचं होतं."

"काल तुम्ही विचारलं नाही."

मौनी वर्गात बोलत नसे. हजेरीलाही नुसता हात वर करी. पण एकदा हस्तकलेच्या तासाला डोळ्यांची भोकं नीट पडलीत का ते पाहायला तिने अर्धाकच्चा मुखवटा तोंडावर धरला, आणि त्यामागून शेजारणीला खणखणीत आवाजात सुनावलं की तुझा कोल्हा दाढ दुखणाऱ्या कुत्र्यासारखा दिसतो. बाई हातात खळीचं भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्याच दिवशी जंगलातल्या खटल्याच्या नाटकात साक्षीदार घुबडाचं काम मौनीला मिळालं. सगळ्यांत लांब भाषण त्याचंच. मौनीची अट एकच होती, तीही मुखवट्याआडून घातलेली. शेवटी वाकून नमस्कार करतानासुद्धा कोणी मुखवटे काढायचे नाहीत. बाईंनी ती मान्य केली.

मग त्यांनी तिच्या वडिलांना फोन केला. ते ट्रक चालवत, महिनोन्महिने बाहेर असत. तुमची मुलगी बोलणार आहे, बाईंनी सांगितलं. ती घुबड झालीये, तुम्ही घुबडावरची नजर काढू नका, बाकीचं जंगल नाही पाहिलं तरी चालेल. मग वडील म्हणाले की ट्रक त्या बाजूने वळवून आणतो.

आता तो आक्रसलेला मुखवटा बसेल असं डोकं साऱ्या जंगलात एकच होतं. ते लिंबूचं. हा दुसरीतला मुलगा प्रत्येक खेळात लिंबूटिंबू असायचा, म्हणून लिंबू. तो शेळी होता. स्टुलावर उभं राहायचं आणि भीती वाटली की बें म्हणायचं, एवढंच त्याचं काम. शेळीचा मुखवटा मौनीला ऐसपैस बसला. भाषणं ज्याची त्याच्याकडेच, फक्त तोंडं बदलली आहेत, असं बाईंनी वाघाला, कोल्ह्याला आणि मागच्या झाडांनाही बजावलं. एका माणसाला तेवढं सांगायचं राहिलं. तो पडदा उघडल्यावर येऊन तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि तोवर बाई विंगेत एक पडू पाहणारं पुठ्ठ्याचं झाड धरून उभ्या होत्या.

वाघाने सवयीने आज्ञा सोडली, "साक्षीदार, बोल!" आणि सवयीनेच घुबडाकडे पाहिलं. लिंबूला भीती वाटली. घुबड बें म्हणालं.

सभागृह हसलं. वाघाने घाबरून पुन्हा आज्ञा सोडली. घुबड पुन्हा बें म्हणालं.

तेव्हा शेळी पुढे आली. "महाराज, रात्रभर जागून त्याचा घसा बसलाय. त्याचं मी सांगते."

हे नाटकात नव्हतं. बाईंनी झाड सोडलं. पुढे शेळीने कोल्ह्याची अशी काही हजेरी घेतली की कोल्हा खरोखरच रडवेला झाला. तिसऱ्या रांगेतला माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता, घुबडावरची नजर न काढता.

नाटक संपलं तेव्हा श्वासाच्या वाफेने शेळीचं तोंड मऊ पडलं होतं. मुखवटा काढताना ते बाईंच्या हातातच आलं. तेवढ्यात वडील आत आले आणि त्यांनी मौनीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऐकलं मी. दोनदा बोललीस." मग बाईंकडे वळून म्हणाले, "तिच्या आईला फोनपण केला. म्हटलं, बें का होईना, बोलली. जरा खुजी वाटली, पण घुबड अंग चोरूनच बसतं म्हणा." आणि निघता निघता आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "ती शेळी कोणाची हो? काय जीभ आहे. तिच्या बापाची काही धडगत नाही."

मौनीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हीटरपासून सगळं सांगितलं. वडिलांनी ते रस्त्यावरच्या अपघाताची हकिगत ऐकावी तसं ऐकलं.

"म्हणजे मी सगळा वेळ दुसऱ्याच पोराकडे बघत होतो."

"मीच तुम्हाला तसं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

पुन्हा एकदा होईल का, असं वडिलांनी विचारलं. वाघ घरी गेला होता. सरांनी खुर्च्या रचायला घेतल्या होत्या. बाई म्हणाल्या, नवा मुखवटा करते, या वेळी सावकाश वाळवते. पण वडिलांना माल पोचवायचा होता, आत्ताच निघायला हवं होतं. तरी त्यांनी रचलेल्यांतली एक खुर्ची काढून रंगमंचासमोर ठेवली. मौनी वर जाऊन उभी राहिली, तिने तोंड उघडलं, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

वडील उठले. त्यांनी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

"मी बघत नाही, बाळा. मघाशी तरी कुठं बघितलं होतं? सांग त्या कोल्ह्याचं."

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा, मग उघडा. बाई खुर्चीसमोर उभ्या होत्या, म्हणून वडिलांचा चेहरा फक्त त्यांना दिसत होता. कोल्ह्याची चोरी आली तेव्हा त्यांनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. एकदा मान आपसूक मागे वळायला लागली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

भाषण संपलं. त्यांनी भिंतीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

"झालं? वळू का आता?"

"थांबा, बाबा," मौनी म्हणाली. "अजून आहे."

अजून काहीही नव्हतं. नाटक बाईंनीच लिहिलं होतं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याही पाठ करून बसल्या.