मॉनिटरचं वेगळं बटण

जामसंड्याच्या यतीनने इंजिनीयरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हाही घरात झाली नव्हती एवढी चर्चा त्या एका बटणावरून झाली.

त्याने ठरवलं होतं ते एवढंच: चुलतबहीण रसिकाच्या हळदीला डीजे आपण वाजवायचा, आणि त्यासाठी मॉनिटरचा आवाज वेगळा कमीजास्त करता येईल असा मिक्सर आणायचा. यात कुणाचं काही जात नव्हतं. पण आपल्याकडे तरुण माणसाने काही ठरवलं की त्यात काय बिघडेल हे शोधायला चार वडीलधारे खुर्च्या ओढून बसतात.

काशीरामकाकांना तर खुर्ची ओढावीही लागली नाही. ती पडवीत कायमचीच होती. काका म्हणजे रसिकाचे वडील, यतीनच्या बाबांचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमधून ‘गाडी फलाटावर लागली आहे’ असं सांगत आले. त्या जोरावर माईक या वस्तूतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत. (गाडी पुष्कळदा लागून सुटलेलीही असायची, पण ते प्रवाशांचं नशीब.)

"माका सांग," काका म्हणाले, "दोन बटणा कित्याक?"

"काका, मंडपातले मोठे स्पीकर लोकांका. आणि ह्यो टेबलाकडचो मॉनिटर माका. मोठ्या स्पीकराचो आवाज फिरान माझ्या कानार येयसर उशीर होता. त्याच्या भरवशार दुसरा गाणा जोडलंय, तर ढोल एकीकडे आणि ताशे दुसरीकडे."

"मगे एकाच बटणान दोनय वाढव."

"वाढवलंय तर तुमीच बोंब मारतालात."

हे मात्र खरं होतं. यतीनच्या जुन्या यंत्रावर एकच बटण. डीजेचं टेबल पडवीत, टेबलाशेजारी मॉनिटर आणि मॉनिटरशेजारी काका. खळ्यातल्या, म्हणजे पुढच्या अंगणातल्या, लोकांना नाचता येईल एवढा आवाज दिला की काकांच्या कानाचे पडदे फाटायचे. काकांना सोसेल एवढा ठेवला की खळ्यात शोकसभा. खुर्ची दोन हात सरकवूया म्हटलं, तर उत्तर आलं, "ही खुर्ची तुझ्या जन्माच्या आदीपासून हयसर आसा." (बरोबर. आणि एवढ्या वर्षांत तिच्यावर बसून कुणी एक काडी इकडची तिकडे केलेली नाही.)

"आमच्या स्टँडार एकच बटण होता," काकांनी निकाल दिला. "मी बोललंय आणि केबिनीतल्या स्पीकरात माझो आवाज इलो की माईक चालू. नाय इलो की बंद. एका घरात दोन आवाज कशाक व्हये?"

यतीनला हा विषय सोडून देता येत नव्हता. बाबांनी त्याला सरळ सांगून टाकलं होतं की लग्न उरकलं की सोमवारपासून कॅनिंगच्या कारखान्यात जायचं आणि आमरसाच्या डब्यांवर लेबलं चिकटवायची. सुटायची वाट एकच, ती म्हणजे नवरामुलगा अजय याचे मामा, गुरुदास. फोंडाघाटात त्यांचं मंगल कार्यालय होतं, तिथे त्यांना कायमचा डीजे हवा होता, आणि अजयची उष्टी हळद रसिकाकडे घेऊन तेच येणार होते. त्यांना आवाज पसंत पडला की डबे गेले खड्ड्यात.

म्हणून हळदीच्या दिवशी यतीन सकाळीच मोटारसायकलवरून बांद्याला गेला आणि मित्राचा, ओमकारचा, मिक्सर पाठीला बांधून घेऊन आला. त्यावर मॉनिटरचं वेगळं बटण होतं.

"काका, ह्या बटण तुमचा. व्हया तितको आवाज ठेवा. मंडपातल्या आवाजाक काय एक होवचा नाय."

काकांनी चष्मा लावला आणि बटण डावीकडे पिळलं. आणखी पिळलं. पुढे पिळायला काही उरलं नाही तेव्हा सोडलं. मॉनिटर मुका झाला.

"आता बरा!" काका म्हणाले. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापूस कोंबला. वडीलधाऱ्यांचा विश्वास असा असतो.

यतीनने हेडफोन चढवले. मॉनिटर नसला तरी त्यावर भागणार होतं. पिढ्यापिढ्यांचं भांडण एका बटणाने मिटतं, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

सहा वाजता फोंडाघाटची मंडळी आली. पुढे गुरुदासमामा, काळ्याभोर मिशा, हातात हळदीची वाटी. आता कार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. ते घरातल्या थोरल्याने. काकांनी माईक घेतला, टकटक केली, फुंकर मारली. शेजारचा मॉनिटर गप्प.

"ह्या मेला बंद पडला," असं पुटपुटून काकांनी मोकळ्या गळ्याने सुरुवात केली. माईक हनुवटीखाली तसाच, तीस वर्षांची सवय. "बा देवा म्हाराजा! आज ह्या घराची लेक दुसऱ्या घराक जाता हा. कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती बाजूक सार रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खं खळं गरजलं.

काका माईक हातात तसाच धरून खुर्चीत बसले आणि शेजारी बसलेल्या बायकोला, पद्मावतीकाकीला, म्हणाले, "बघलंस? माईकाशिवाय शेवटच्या माणसाक ऐकाक गेला."

हे वाक्यही शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

यतीन तोवर मान खाली घालून कामाला लागला होता. बायका हळद लावेपर्यंत संगीत बारीक ठेवायचं आणि मग हळूहळू वर न्यायचं, असा त्याचा बेत. हेडफोनात फक्त गाणंच येत होतं, आणि ताल अगदी घट्ट बसला होता.

"त्या गुरुदासाच्या मिशयो बघलंस?" काका म्हणाले. "सकाळीच रंगवल्यान हा. घाम येता तसो रंग व्हटार उतारता."

खळ्यातल्या शंभर माना मामांकडे वळल्या. मामांनी रुमालाने ओठ पुसला. रुमाल काळा झाला.

"आणि जावय?" काकीने विचारलं. काकीचं बोलणं कापसातूनही जातं.

"अजय बरो आसा गो. पण फोनार निसता 'हां, हां' करता. आमचो रेडो त्याच्यापरीस जास्ती बोलता."

पाटावरची रसिका हसता हसता एवढी वाकली की कपाळाची हळद गुडघ्याला लागली.

"आणि तो लवू. लगीन कोणाचा ता त्येका म्हायत नाय, पण वड्यांची पाटी खंय आसा ता बरोबर म्हायत."

शेजारचा लवू तिसरा वडा तोंडात अर्धा ठेवून उभाच राहिला.

यतीनने मान वर केली आणि त्याचा ऊर भरून आला. सगळं खळं हलत होतं! बायका पदर तोंडाला लावून डोळे पुसत होत्या, पोरं मोबाईल वर धरून होती, खुद्द गुरुदासमामा पोट धरून खांबाला टेकले होते. एवढा प्रतिसाद, आणि अजून तर ढोल यायचा होता! रसिकाची मैत्रीण दिव्या त्याला जीव तोडून खुणा करत होती, एक हात कानाशी आणि दुसऱ्या हाताचं बोट पडवीकडे. यतीनने तिला अंगठा दाखवला आणि मंडपाचा आवाज वाढवला. आता काका रस्त्यापर्यंत पोचले. रस्त्यावरचे लोक आत आले.

"ह्यो यतीन..." काका म्हणाले.

"ऱ्हवांदे ओ. पोरगो मेहनत करता."

"मेहनत करता, पण बघ मेल्याक! कानाक डबे लावन बसलो हा. अर्धो तास कोण काय बोलता त्येचो ह्येका पत्तो नाय, आणि ह्यो म्हणे लोकांका ऐकवतलो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यतीनने तो पाहिला, उठून उभा राहिला, आणि हात जोडून कमरेतून वाकला. वाकताना हेडफोन घसरला.

"आता बघ, पाया पडता हा," मंडपातून काकांचा आवाज आला. "कोणाच्या ता देवाक म्हायत."

यतीन माईककडे झेपावला, पण त्याआधी काकी ओरडली, "अवो, माईक चालू आसा!"

"खुळी काय गो? आवाज खंय येता?"

'खंय येता' हे शब्द माडांवर आपटून परत आले. काकांनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या. मग मामांकडे पाहिलं. मामा काळा ओठ घेऊन पडवीच्या पायऱ्या चढत होते आणि त्यांच्यामागून यतीनला कॅनिंगचे डबे चढून येताना दिसत होते.

"ह्या तुझ्या त्या दुसऱ्या बटणान केला!" काका यतीनवर खेकसले.

"शून्यार कोणी नेल्यान?"

"गप रव! थोरांक उलटा बोलता!" (हरल्यावरचं हे वाक्य सगळ्या थोरांना पाठ असतं.)

मामा काकांसमोर उभे राहिले.

"व्याहीनु," मामा म्हणाले, "माझ्या हॉलात प्रत्येक लग्नाक कोणतरी माईक घेता, तासभर खोटा बोलता आणि लोक झोपतत. आज एक माणूस जाग्यावरसून हललो नाय. आमच्या माणसांची सगळ्यांची अशीच मापा काढूक कोणतरी व्हयो. फुडल्या ऐतवारपासून येतालात?"

काकांनी आधी नाराज चेहरा केला, कारण मोठ्या माणसाने लगेच हो म्हणायचं नसतं. मग खाकरून म्हणाले, "येयन. पण माका मॉनिटराचा बटण येगळा व्हया. त्याशिवाय जमाचा नाय."

"मामा," यतीन घाईने म्हणाला, "आणि डीजे?"

"येवंदे. काकांचो माईक चालू करूक कोणतरी लागतलोच."

लेबलं चिकटवायची टळली. पुढच्या रविवारी यतीन सगळं सामान घेऊन फोंडाघाटात पोचला तेव्हा कार्यालयाच्या फाटकावर काकांचा पुरुषभर उंचीचा बॅनर लागलेला होता: 'खास आकर्षण – काशीराम जामसंडेकर. कोणाचीही भीडभाड नाही.' फोटोत काकांच्या खांद्यामागे हेडफोन घातलेला अर्धा कान आला होता. यतीनने आपलं नाव वरपासून शोधत आणलं. प्रायोजक झाले, आचारी झाला, छपाई करणाऱ्याचा मोबाईल नंबरसुद्धा झाला. त्याच्याखाली, अगदी तळाला, बांबूला बांधलेल्या सुतळीने अर्धी झाकलेली एक ओळ होती:

'साउंड: घरचाच.'